साडेचारशे फुटांच्या आत

देवानंद टेंभुर्णे यांना घराबाहेर पायी पडायला एकच वाट होती. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, जेवणाच्या टेबलावर, ती त्यांच्यापुरती बंद झाली.

रवी, त्यांचा मुलगा, फोनवर आलेला ईमेल वाचून दाखवत होता. ईमेल वसाहतीच्या असोसिएशनचा होता. एक ऑक्टोबरपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मागच्या खासगी जंगलात मालकाच्या परवानगीने शिकारी येतील. रहिवाशांनी काळजी घ्यावी, कुत्री मोकळी सोडू नयेत.

"बाबा, एक तारखेपासून मागे जायचं नाही," रवी म्हणाला.

"कधीपर्यंत?"

"जानेवारीपर्यंत."

"म्हणजे तीन महिने घरात बसू?"

"तीनच तर महिने आहेत. टीव्ही आहे, ट्रेडमिल आहे."

"ट्रेडमिलवर चालून माणूस कुठं पोचतो बा?"

हर्षिता, सून, हसली. रवी हसला नाही.

हे घर मिशिगनमधल्या एल्म क्रीक नावाच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीत, होतं, ट्रॉयपासून वीस मैल उत्तरेला. रवी ट्रॉयमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. हर्षिता फार्मसिस्ट होती. साडेसातला दोघं दोन गाड्यांतून निघत, आठ वाजून दहा मिनिटांनी अकरा वर्षांची सई शाळेच्या बसमध्ये चढे, आणि मग दुपारी चारपर्यंत घरात देवानंद एकटे. वय अडुसष्ट. डाव्या डोळ्याला काचबिंदू, त्यामुळे गाडीचं लायसन्स मिळण्याची शक्यता नव्हती. दोन वर्षांपूर्वी पत्नी रत्नाबाई गेल्या, भंडाऱ्याचं घर भाच्याला राहायला दिलं आणि मुलाने ग्रीन कार्डवर वडिलांना इकडे आणलं. ते पाहुणे म्हणून आले नव्हते, कायमचे आले होते. परतीचं तिकीट नव्हतं.

वसाहतीत पंचेचाळीस घरं आणि एक फाटक. फाटकाबाहेर रस्ता, त्यावर पन्नास मैलांच्या वेगाने गाड्या, फुटपाथ नाही, कडेला नाली. आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात देवानंद त्या रस्त्याने चालत निघाले होते. दोन गाड्या थांबल्या, 'ठीक आहात ना' म्हणून विचारून गेल्या. तिसरी पोलिसांची होती. तरुण पोलीस अतिशय नम्र होता. त्याने त्यांना मागच्या सीटवर बसवून घरी आणून सोडलं. मागचं दार आतून उघडत नाही, हे देवानंदांना घरासमोर उतरताना कळलं.

राहिली ती मागची वाट. गल्लीच्या टोकापासून झाडीत शिरायची, ओढ्याकाठाने जायची आणि पंचवीस मिनिटांत दुकानांच्या चौकात निघायची. तिथे लायब्ररी होती. लायब्ररीत पुरुषोत्तम आगाशे भेटत. हे पुण्याचे, बँकेतून निवृत्त, पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये मुलीकडे राहणारे. दोघं बुद्धिबळ खेळत आणि भांडत. वसाहतीतले इतर लोकही ती वाट वापरत. कुणी कुत्री फिरवायला, कुणी पळायला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी कुणाला अडवलं नव्हतं.

"शिकार नक्की कुठं चालते?" देवानंदांनी त्या रात्री जेवता जेवता विचारलं.

"सगळीकडे, बाबा."

"सगळीकडे असं नसते. हद्द असते."

या एका वाक्यावर त्यांनी सदतीस वर्षं पगार घेतला होता. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले आणि निमतानदार म्हणून निवृत्त झाले. म्हणजे आधी दुसऱ्यांच्या शेतांची मोजणी केली, मग इतरांनी केलेली मोजणी तपासली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सई आणि आजोबा लॅपटॉपसमोर बसले.

"आजोबा, सापडलं. फोर हंड्रेड फिफ्टी फीट. त्याच्या आत शूट नाही करू शकत, विदाउट परमिशन."

"कुठून साडेचारशे?"

"एनी ऑक्युपाइड बिल्डिंग."

"भिंतीपासून की कंपाउंडपासून?"

"डझन्ट से."

"नाही म्हणत ना? मग भिंतीपासून धरायचं." देवानंदांनी कागदावर आकडा लिहिला. मोजणीच्या जुन्या साखळीनं सहा साखळ्या आणि ब्याऐंशी कड्या. इथे आल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्यापुढे काम म्हणावं असं काही आलं होतं.

हा झाला राज्याचा नियम. टाउनशिपचा वेगळा होता. त्यात गोळी झाडायला मनाई असलेला भाग लाल रंगाने दाखवलेला नकाशा होता. नकाशा २००३ चा. सईने बोट ठेवून आपलं घर शोधलं तर तिथे सोयाबीनचं शेत होतं आणि शेतात शिकारीला मुभा होती. सोमवारी देवानंदांनी स्वतः टाउनशिपच्या ऑफिसात फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाली, परिस्थितीवर अवलंबून आहे, राज्याच्या वनखात्याला विचारा. वनखात्याच्या फोनवरचा माणूस म्हणाला, स्थानिक नियम टाउनशिपला विचारा. देवानंद रागावले नाहीत. हे उत्तर त्यांनी स्वतः शेकडो लोकांना दिलं होतं.

त्याआधी, रविवारी, मोजणी झाली होती. अजून हंगाम लागायचा होता, त्यामुळे रवीला अडवता आलं नाही. शंभर फुटी टेप त्यानेच दुकानातून आणून दिला, कटकट टळावी म्हणून. जंगलाला पाठ लावून सात घरं होती. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून देवानंदांनी टेप धरला, दुसरं टोक सईने ओढलं. जिथे साडेचारशे भरले तिथल्या झाडाला नारिंगी फीत बांधली. दुपारपर्यंत झाडीत एक वाकडी, पण मोजून काढलेली रेघ उभी राहिली.

तिसऱ्या घराच्या मागे, रेघेच्या बरंच आत, एका ओकला लोखंडी शिडी लावलेली दिसली. वर छोटं आसन, आणि आसनावर एक माणूस पट्टा आवळत बसला होता.

"काय मोजताय?" त्याने वरून इंग्रजीत विचारलं.

"अंतर."

"कशाचं?"

"तुमचं."

माणूस हसला. "किती भरलं?"

देवानंदांनी सईकडून टेप घेतला, बुंध्याला टेकवला, हिशेब केला. "तीनशे बारा फूट."

माणसाने गळ्यातलं अंतर मोजायचं दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावून घराच्या भिंतीवर रोखलं. "एकशे चार यार्ड, गुणिले तीन. बरोबर आहे तुमचं. टेपने काढलंत? झाडांमधून?"

"टेपनेच."

"वा," तो म्हणाला आणि पुन्हा पट्टा आवळायला लागला.

देवानंदांना क्षणभर बरं वाटलं. या देशात कुणीतरी पहिल्यांदाच त्यांचा आकडा तपासून पाहिला होता. मग दुसरा विचार आला. हा माणूस हद्दीच्या एकशे अडतीस फूट आत बसला आहे, त्याला ते माहीत आहे, आणि तो हसतो आहे. अतिक्रमण करणाऱ्यांचं असं हसू त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. अशा माणसाशी तोंडी बोलून उपयोग नसतो.

सोमवारच्या टोलवाटोलवीनंतर त्यांनी अर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत, पण घडण खात्याची: विषय, संदर्भ, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून'. मागणी साधी होती. हद्दीच्या आतलं शिकारीचं आसन हलवावं आणि रहिवाशांना पायवाट कुठपर्यंत सुरक्षित आहे ते लेखी कळवावं. सोबत नकाशा. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, सात घरं, नारिंगी रेघ, ओक, ओढा. पायवाट दुहेरी तुटक रेघेने काढली आणि तिच्या कडेला लिहिलं: 'वसाहत झाल्यापासून, म्हणजे अठरा वर्षे, रहिवाशांच्या अखंड वापरात.' ही वहिवाट झाली. वहिवाट न लिहिता पायवाट दाखवली तर खात्यात नकाशा परत येत असे.

खाली डाव्या कोपऱ्यात: प्रत माहितीसाठी सादर. टाउनशिपचे प्रमुख, वनखातं, असोसिएशन आणि जमिनीचा मालक. मालकाचं नाव सईने वेबसाइटवरून दोन मिनिटांत काढलं. व्हॅन होर्न, पत्ता दहा मैलांवरचा.

पाकिटांना तिकिटं हर्षिताने लावली. "बाबा, रवीला सांगितलंत?"

"सांगीन."

"म्हणजे नाही सांगितलं."

"उत्तर आल्यावर सांगीन ना. आताच कशाला त्याच्या डोक्याला ताप?"

फोनवर पुरुषोत्तम आगाशे खो खो हसले. "अहो टेंभुर्णे, दोन ओळींचा ईमेल टाकायचा. तुम्ही तर सरकार पाडायला निघाल्यासारखे चार-चार प्रती काढल्यात!"

"लेखी दिल्याशिवाय लेखी मिळत नाही, आगाशे."

"मिळेल हो. तोवर माझ्या वजिराला काय पटावर उपाशी बसू देऊ?"

"तुमचा वजीर मी मागच्याच डावात मारला."

"चिटिंग करून," आगाशे म्हणाले. मग थोडं थांबून, "नाही, पण लवकर या. इथं बोलायला कुणी नाही यार."

अकरा दिवसांनी पहिलं उत्तर आलं, ते टपालाने नाही, जीपमधून. वनखात्याची अधिकारी, हिरवा गणवेश, कमरेला पिस्तूल. दुपारचे चार वाजले होते, सई नुकतीच घरी आली होती. त्या बाईने जीपच्या बॉनेटवर देवानंदांचा नकाशा पसरला.

"मी जीपीएसने तपासलं. तुमची मोजणी फुटाफुटाने बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही हेच काम करायचात का?"

"सदतीस वर्षं."

"दिसतंच आहे. पण हे अंतर बंदुकीला आहे. तो माणूस धनुष्याने शिकार करतो. बाणाला हे अंतर लागू नाही. जमिनीच्या मालकाची परवानगी असली की झालं."

"मग बाण घराच्या किती जवळ चालतो?"

तिने जरा विचार केला. "अंतर विचारत असाल तर, अंतर नाही."

देवानंदांनी सईकडे पाहिलं. सईने मान हलवली. तिने साडेचारशेचं पान वाचलं होतं. धनुष्याचं पान वेगळं होतं, तिथवर दोघं गेलेच नव्हते.

बाईने पुढचं सांगितलं. पंधरा ते तीस नोव्हेंबर बंदुकींचा हंगाम, त्याआधी आणि नंतर धनुष्याचा. बंदुकींच्या हंगामात नारिंगी रेघेच्या अलीकडे गोळी चालणार नाही. पण पायवाटेचा दोनतृतीयांश भाग रेघेच्या पलीकडे आहे. म्हणजे घरं सुरक्षित, वाट नाही. आणि या फिती कुणाच्या झाडांना बांधल्या आहेत? कुणाची परवानगी होती? शिकाऱ्याच्या कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. त्या फिती देवानंदांनी अडथळ्याच्या हेतूने बांधल्या नाहीत, असं ती लिहील. उद्यापर्यंत काढून टाका.

फिती काढायला रवी गेला, ऑफिसातून आल्यावर, त्याच कपड्यांत. परत आला तेव्हा बुटांना चिखल होता आणि हातात नारिंगी फितींचा गुंता. तो त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला. चार दिवसांनी व्हॅन होर्नच्या वकिलाचं पत्र आलं.

पत्र सौजन्याचं होतं. नकाशाबद्दल आभार. नकाशात दाखवलेल्या पायवाटेच्या वापराची मालकाला आजवर अधिकृत कल्पना नव्हती. आता अठरा वर्षांच्या अखंड वापराचा लेखी दावा समोर आला आहे. अशा वापरातून कायम हक्क तयार होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून जागा बंद करण्यात येत आहे. प्रत: असोसिएशन.

तिसऱ्या दिवशी दोन माणसं ट्रक घेऊन आली. गल्लीच्या टोकापासून खांब रोवले, तार ओढली, पाट्या ठोकल्या. प्रवेश बंद. देवानंद स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. पाट्या साधारण पन्नास-पन्नास फुटांवर होत्या, एक सोडून. ती पंचेचाळीसवर लागली होती.

संध्याकाळी असोसिएशनने वकिलाचं पत्र सगळ्या पंचेचाळीस घरांना पाठवलं, नकाशासकट. नकाशाच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात होतं: मोजणी करणार, डी. एस. टेंभुर्णे, निवृत्त.

"तुम्ही मालकाला कॉपी पाठवली?" रवीने विचारलं. "मालकाला?"

"संबंधितांना प्रत द्यावी लागते."

"कोण म्हणतं द्यावी लागते? बाबा, हे भंडारा नाही! तो माणूस अठरा वर्षं काही बोलला नाही, कारण त्याला कुणी काही लिहून दिलं नव्हतं. लोक चालत होते ना? मग?"

"हक्काने चालत नव्हते."

"पण चालत होते!"

"रवी, हळू बोल," हर्षिता म्हणाली.

"काहून हळू बोलू? ग्रुपवर लोक विचारताहेत, हा टेंभुर्णे कोण. मी काय सांगू? माझे वडील आहेत, त्यांना मोजल्याशिवाय राहवत नाही?"

"तसंच सांग," देवानंद म्हणाले. ते चिडून बोलले नव्हते. पण रवी उठून गेला.

यानंतरचे बारा दिवस देवानंद घरात होते. सकाळी ते समोरच्या गल्लीत फेऱ्या मारत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहाशे सत्तर फूट. पूर्वी हात करणारे लोक आता गाडीतून सरळ पुढे बघत जात. आगाशेंना मुलीची गाडी रविवारीच मिळे, आणि रविवारी रवीला वेळ असला तर भेट होई. दोनपैकी एका रविवारी झाली. हर्षिता दोनदा म्हणाली की सुट्टीच्या दिवशी मी सोडते. एकदा तिने सोडलंही. पण एका तासात परत निघावं लागलं, आणि डाव अर्धा राहिला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. म्हातारा आवाज. व्हॅन होर्न स्वतः.

"तुमचा नकाशा मी भिंतीला लावलाय," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनंतर त्या ओढ्याचं वळण कुणी बरोबर काढलं नव्हतं. वकिलाने जे केलं ते त्याला करावंच लागलं. पण तुम्हाला चालायचं असेल तर चाला. मी कागद पाठवतो, सही करा."

कागद एका पानाचा होता. परवानगी फक्त देवानंद टेंभुर्णे यांना. वेळ अकरा ते दोन. अंगात नारिंगी जाकीट. जाण्याआधी रोज मेसेज करायचा आणि उत्तर आल्यावरच निघायचं. बंदुकीच्या हंगामात बंद. परवानगी केव्हाही काढून घेता येईल. आणि चौथं कलम: 'या वाटेवरून मी किंवा माझ्या माहितीतील इतर कोणीही आजवर हक्काने चाललेले नाही. जो वापर झाला तो मालकाच्या मेहरबानीने झाला.'

देवानंदांनी चौथं कलम दोनदा वाचलं. असा कागद त्यांना नवीन नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ते पवनी तालुक्यात एका गावी मोजणीला गेले होते. वस्तीतून मसणवटीकडे जाणारी वाट पाटलाच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जायची. पाटलाने असाच मजकूर लिहून आणला होता. तेवीस वर्षांचे देवानंद वस्तीतल्या माणसांना बाजूला घेऊन म्हणाले होते, सही करू नका, मेहरबानी लिहून दिली की हक्क गेला. माणसांनी ऐकून घेतलं. पण त्या दिवशी वस्तीत एक प्रेत ठेवलेलं होतं. त्यांनी अंगठे उठवले. पंचनामा देवानंदांनीच लिहिला.

रात्री त्यांनी रवीला कागद दाखवला. रवीने वाचला. "करा ना सही. तुम्हाला जायला मिळेल."

"बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांना गाड्या आहेत, बाबा."

"चौथं कलम वाचलं?"

"वाचलं. त्यात खोटं काय आहे? तुम्हीच म्हणालात ना, हक्काने चालत नव्हते."

देवानंदांनी कागद परत घेतला. तीन दिवस कागद फ्रिजवर चुंबकाखाली राहिला. चौथ्या दिवशी त्यांनी सही केली आणि सहीखाली लिहिलं: चौथ्या कलमाबाबत हरकत राखून. आठवड्याभरात कागद परत आला, सोबत कोरी प्रत आणि वकिलाची एक ओळ: कृपया काहीही न जोडता सही करावी.

तोपर्यंत बंदुकींचा हंगाम सुरू झाला होता. सकाळी अंथरुणात असतानाच लांबून बार ऐकू येत. सई शाळेत जाताना मोजायची. एकदा नऊ झाले. आगाशेंचा फोन आला की मुलगी त्यांना डिसेंबरच्या वीस तारखेला पुण्याला परत पाठवते आहे, व्हिसाचे सहा महिने संपतात. "तेवढ्यात दोन-तीन डाव होतील का हो?" त्यांनी विचारलं. या वेळी थट्टा केली नाही.

देवानंदांनी कोऱ्या प्रतीवर सही केली. खाली काही लिहिलं नाही. रवीने फोनवर तिचा फोटो काढून पाठवला. त्याला अर्धं मिनिट लागलं.

डिसेंबरच्या तीन तारखेला दहा वाजता त्यांनी मेसेज केला. अकरा वाजून बारा मिनिटांनी उत्तर आलं: ओके. त्यांनी हर्षिताने आणलेलं नारिंगी जाकीट घातलं, पटाची पिशवी घेतली आणि गल्लीच्या टोकाला आले. तारेत माणसापुरती फट ठेवलेली होती, तिला साखळी होती, साखळीला आकड्यांचं कुलूप. आकडे त्यांना कळवलेले होते.

आत शिरून ते पुन्हा कुलूप लावत असताना आठ नंबरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन आली. सप्टेंबरपर्यंत ती रोज या वाटेवर भेटायची. कुत्रा तारेखालून नाक घालून ओळखीचा वास घेऊ लागला.

"उघडलं का परत?" तिने विचारलं.

"नाही," देवानंद पलीकडून म्हणाले. "मला परवानगी आहे."

तिने त्यांच्या जाकिटाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. मग पट्टा ओढून कुत्र्याला मागे घेतलं आणि फाटकाकडे चालू लागली. देवानंदांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून एकतीस मिनिटं. जायला पंचवीस, यायला पंचवीस, दोनच्या आत परत. ते ओढ्याकाठाने निघाले. ओकपाशी आल्यावर वरून कुणीतरी खोकलं. त्यांनी मान वर केली नाही, पाऊल मात्र मोठं टाकलं.